नवव्या भागाबद्दल

कावागुची, ८ मे २०१७

तोयोको,

पत्राची सुरुवात हवापाण्याने करावी असं आपल्याला शाळेत शिकवलं होतं. ते मी गाळते. साडेपाच वर्षांनी पत्र लिहिणारी बाई कोवळ्या पालवीबद्दल बोलायला लागली तर तू तिथेच कागदाची घडी घालशील.

पत्ता गोंदोकाकांनी दिला. त्यांच्यावर रागावू नकोस. हौशी लोकांनी स्वतः छापलेल्या अंकांच्या त्या मेळ्यात त्यांचं टेबल अजून माझ्या शेजारीच येतं, आणि ते अजून अॅनिमे मालिकांच्या फक्त सुरुवातीच्या गाण्यांवर लिहितात. गाणं संपलं की टीव्ही बंद करतात, पुढे काय झालं ते त्यांना आपण सांगायचं. तू त्यांना दर नवीन वर्षाला कार्ड पाठवतेस हे मला माहीत नव्हतं. मी पत्ता मागितला नाही. म्हणजे मागितला, पण एकदाच.

मात्सुयामा. इतक्या लांब जायचं तर तू निदान गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी तरी गेली असशील अशी आशा करते.

मी बरी आहे. दातांच्या दवाखान्यात अजून मीच दारात बसते, लोकांना वेळा देते. आपलं 'दोन खुर्च्या' हे नियतकालिक चालू आहे. अंक चांगला जातो. दुसऱ्या खुर्चीवर मी पिशवी ठेवते.

लिहायचं कारण असं, की गेल्या रविवारी एका छोट्या मेळ्यात बसले होते. समोर विशीतली एक मुलगी आली. निळा विग, पाठीला पुठ्ठ्याचे पंख, आणि ते कशात अडकू नयेत म्हणून खेकड्यासारखी आडवी चालत होती. टेबलावर मी मागच्या अंकांची यादी लावते, ती तिने वाचली आणि मैत्रिणीला म्हणाली, "अगं, 'मिठागराची मुलगी' आहे यात." मैत्रिणीने मालिकेचं नावही ऐकलं नव्हतं. ही म्हणाली, "मीपण बघितली नाही. पण ते वाक्य माहितीये ना? नवव्या भागात हलणारी एकच गोष्ट आहे, बंद करायच्या बटणाकडे जाणारा आपला हात."

दोघी हसल्या. मग मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "कुणीतरी फार पूर्वी लिहिलंय, काकू. तुम्ही वाचलं असेल."

मी म्हटलं, हो, वाचलंय.

तोयोको, मालिका कुणी बघितलेली नाही. ती कुणी केली ते कुणाला ठाऊक नाही. वाक्य मात्र पंख लावून हिंडतंय.

तामोत्सु कसा आहे? तो मुराकामीला, तुमच्या जुन्या घरी असतो असं काका म्हणाले. चित्रं काढतो का? मालिका तुझ्या भावाची आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. फोनवर सांगितलं होतंच, आता लिहून देते.

उत्तराची घाई नाही.

मिझुए


कावागुची, १९ जून

तोयोको,

घाई नाही म्हटलं होतं, तरी रोज खाली पेटी बघायला जाते. वीजबिल येतं, पिझ्झाची जाहिरात येते.

मी मागच्या पत्रात ते वाक्य कुणाचंच नसल्यासारखं लिहिलं, ते तुला खटकलं असेल. खटकायलाच हवं. त्या संध्याकाळी खोलीत आपण दोघीच होतो, म्हणून दोघींसाठीच लिहिते.

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. नववा भाग आदल्या रात्री लागून गेला होता, मी तो उतरवून ठेवला होता. तू कामावरून परस्पर माझ्याकडे आलीस. मी गुडघ्यावर वही आणि हातात स्टॉपवॉच घेऊन, तू माझ्या गरम टेबलाच्या रजईत पाय घालून संत्री सोलत. एकोणीस वर्षं आपण अशाच बघत आलो. मी मोजायची, तू बोलायचीस. लोक मेळ्यात माझ्याबद्दल म्हणायचे, कानबारा-सान काय लिहितात. त्यातलं निम्मं संत्र्याच्या साली टाकता टाकता तू बोललेलं असायचं, आणि तुला कधी त्याचं काही वाटलं नाही. "लिही तू, मला कंटाळा येतो," म्हणायचीस.

तो भाग वाईट होता. स्थिर चित्रं, त्यावर आवाज. मिठागरावर मुलगी उभी, आई उभी, आभाळ उभं. माझं घड्याळ चार मिनिटांच्या वर गेलं. तू एक फोड तोंडात टाकलीस आणि टीव्हीकडे न बघता ते वाक्य म्हणालीस. जसंच्या तसं. मी एक शब्दही बदलला नाही.

मी इतकी हसले की घड्याळ थांबवायचं राहिलं.

मग मी ते लिहिलं आणि खाली माझं नाव घातलं. बाहेर कुणाला ते तुझं आहे हे आजवर सांगितलेलं नाही. शिव्याही मीच खाल्ल्या, वाहवाही मलाच मिळाली. मला वाटत होतं, तुझ्यासाठी मी एवढं तरी केलं.

जानेवारीच्या चार तारखेला तू फोन केलास. तुझ्या आईने सांगितलं होतं की त्या मालिकेचा दिग्दर्शक म्हणून जे 'नागी' असं टोपणनाव येत होतं तो आपला तामोत्सु, आणि त्याने काम सोडलंय, सामान घेऊन घरी आलाय. तू रडत नव्हतीस. तू फक्त विचारलंस, "मिझुए, तुला ठाऊक होतं?"

मी नाही म्हणाले.

तू म्हणालीस, "नाही म्हणायच्या आधी तू थांबलीस." आणि मग, "वाक्य तर माझंच होतं." त्यानंतर आपण बोललेलो नाही.

ऑगस्टमध्ये मेळा आहे. मला जागा मिळाली आहे, पूर्वेच्या दालनात, खांबाजवळ. दुसरा पास नेहमीसारखा तुझ्या नावाने येईल. पाकिटात घालून पाठवू का?

मिझुए


कावागुची, १४ ऑगस्ट

तोयोको,

काल मेळा संपला. पास तुझ्याकडे पोचला असेल, तू आली नाहीस. मी वाट बघत नव्हते. दुपारपर्यंत पिशवी खुर्चीवर नव्हती, पायाशी होती, एवढंच.

दालनात इतका दमट उकाडा होता की लोकांच्या घामाचं छताखाली धुकं झालं होतं. गोंदोकाका दर तासाला मिठाची गोळी चघळायचे आणि मला एक द्यायचे. ते शहात्तर वर्षांचे झाले. दुपारी मला म्हणाले, "मिझुएबाई, नवीन काही लिहिलंत का?" मी म्हटलं, लिहितेय. ते म्हणाले, "तीन वर्षं लिहिताय." मग गोळी चघळत समोर बघत राहिले.

तेव्हा आता खरं लिहिते. 'दोन खुर्च्या'चा नवा अंक तीन वर्षांत निघालेला नाही. मी मालिका बघते, वही भरते, स्थिर चित्रं मोजते, आणि शेवटी लिहायला बसले की तुझा आवाज नसतो. माझं नुसतं मोजमाप उरतं. ते कुणाला वाचायचंय? मी टेबलावर जुने अंक मांडते. त्यातला एकच जातो. अडतिसावा. लोक चौदावं पान उघडून खात्री करून घेतात आणि नेतात. तो संपला की मी पुन्हा छापते. आतापर्यंत तीनदा छापला. दवाखाना बंद झाल्यावर तिथल्याच मशीनवर प्रती काढते, त्या मोठ्या स्टेपलरने शिवते. तामोत्सुच्या कामाचं जे हसं झालं त्याच्यावर माझं टेबल टिकून आहे. हे तुला सांगायचं नव्हतं.

आणि दुसरं. मला ठाऊक होतं.

त्याने मला नोव्हेंबरच्या अखेरीस फोन केला होता. 'नागी' मीच आहे म्हणाला, ताईला सांगू नका. मालिका संपली की मेळ्यात तुमच्या टेबलापाशी येऊन मीच सांगणार आहे, तिचं तोंड बघायचंय मला. सतरा वर्षं तो दुसऱ्यांची चित्रं भरत होता. पहिल्यांदा काही त्याचं होतं, आणि ते तू न ओळखता दर आठवड्याला बघतेस, म्हणून लहान मुलासारखा खूश होता. मग आवाज उतरला. स्टुडिओतली निम्मी माणसं निघून गेली होती, पगार होत नव्हते. नववा भाग त्याने आणि आणखी दोघांनी मिळून अकरा दिवसांत उभा केला होता. म्हणाला, "बाकीच्या भागांवर काय हवं ते लिहा, मिझुएताई. फक्त नववा सोडून द्या. तो माझा नाही समजा."

मी म्हणाले, बघते.

म्हणून तू ते वाक्य बोललीस तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. मी नुसतं "अगं, हे तामोत्सुचं आहे" म्हणाले असते तर तू सालीसकट ते वाक्य गिळलं असतंस, आणि भावाला कधी कळूही दिलं नसतंस. मी गप्प राहिले, कारण त्याला वचन दिलं होतं की सांगणार नाही. एक वचन पाळलं, त्याच्या आडोशाने दुसरं मोडलं. मनात असाही हिशेब केला की वाक्य माझं नाही, तेव्हा मी काही लिहिलं असं होत नाही. पण खरं कारण यातलं एकही नाही. वाक्य चांगलं होतं. एकोणीस वर्षांत आपल्या अंकात इतकं चांगलं वाक्य आलं नव्हतं, आणि ते सोडून देणं मला जमलं नाही.

तो मेळ्यात आला तेव्हाचं तुला आठवतं. एकतीस डिसेंबर, दुपार. सकाळीच कुणीतरी चौदाव्या पानाचा फोटो काढून पसरवला होता, आपल्यापुढे कधी नव्हे ती रांग लागली होती. तो रांगेतच उभा राहिला. हातात मुराकामीच्या, तुमच्या गावच्या, मिठाईचा डबा. तू त्याला बघून उठलीस, गर्दीत त्याचं डोकं कुरवाळलंस, आणि अंक उघडून त्याच्या हातात दिलास. "चौदावं पान वाच, यंदाचं सगळ्यात झकास आहे," म्हणालीस.

त्याने वाचलं. अंक बंद केला. "छान आहे," म्हणाला. डबा टेबलावर ठेवला आणि मागच्या लोकांना वाट करून दिली.

मी तेव्हाही काही बोलले नाही. सुटे पैसे मोजत होते.

मिझुए


कावागुची, २५ सप्टेंबर

तोयोको,

तू ये म्हणाली नाहीस, जा म्हणाली नाहीस. मी मुराकामीला जाऊन आले.

आधी एक सांगायचं. ऑगस्टनंतर मी नववा भाग पुन्हा बघायला घेतला. अकरा वेळा बघितला. सातव्या खेपेला मला दिसलं. मुलगी आणि आई उभ्या आहेत, सगळं थांबलेलं आहे, पण खाली मिठागराच्या पाण्यात त्यांचं प्रतिबिंब हलतं. अगदी बारीक. तीनच चित्रं आहेत, तीच फिरून फिरून येतात, मी मोजली. तीन चित्रांत त्याने पाणी श्वास घेतंय असं केलं होतं. आपण हसत होतो, म्हणून दिसलं नाही. मी चार पानं लिहिली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा काही पूर्ण झालं. ती पानं घेऊन गेले.

तो तांदळाच्या कुरकुरीत वड्यांच्या कारखान्यात आहे, पाकिटं भरायच्या विभागात. त्या दिवशी सुट्टी होती. आठवड्यातले तीन दिवस जात नाही, म्हणाला, दुसरीकडे जावं लागतं. मी विचारलं नाही कुठे. चेहरा सुजल्यासारखा, रंग मातकट. घरात सपातांची टाच पायाखाली दाबून चालत होता. मला चहा केला, स्वतः दोन घोट घेतले. तुमच्या आईचा फोटो आहे तिथे फुलं ताजी होती. घरात टीव्ही नाही. कागद, पेन्सिल काही दिसलं नाही. मी बघत होते, हे त्याच्या लक्षात आलं असावं.

मी जमिनीला डोकं टेकवून माफी मागितली. म्हणाले, तुम्ही सांगितलं होतं, तरी मी लिहिलं. तो घाईघाईने म्हणाला, उठा, उठा, चटई जुनी आहे, कपाळाला टोचेल. मग मी पानं पुढे केली. त्याने चारही वाचली, सावकाश, बोट ठेवून. मला वाटलं आता काहीतरी होईल. काय होईल असं वाटलं होतं ते आज सांगता येत नाही.

पानं सारखी करून त्याने माझ्याकडे दिली.

"हे तेवढं चांगलं लिहिलेलं नाही, मिझुएताई," म्हणाला.

मी म्हटलं, "पण हे खरं आहे. पाणी हलतं."

"तुम्हाला तेव्हा दिसलं का?"

"नाही."

"मग नाही हलत. बघणाऱ्याला दिसलं नाही तर ते तिथे नसतंच. आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात." रागावून नाही म्हणाला. जसं दवाखान्यात मी सांगते ना, की डॉक्टर आज नाहीत, तसं.

मग हल्ली कोणत्या मालिका चांगल्या आहेत ते विचारलं. मी दोन सांगितल्या. त्याने मान डोलावली. त्या तो बघणार नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पाचच्या बसने परत निघाले.

एवढंच. तुला सांगायला हवं असं वाटलं. तू एकदा जाऊन ये. तो बरा दिसत नाही.

मिझुए


कावागुची, १२ डिसेंबर

तोयोको,

तुझं कार्ड मिळालं.

राखाडी किनार, कोपऱ्यात शेवंती. छापलेलं आहे: धाकटे बंधू तामोत्सु २९ ऑक्टोबर रोजी वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी निवर्तले, म्हणून यंदा नववर्षाच्या शुभेच्छा देत नाही, त्यांच्या हयातीत आपण दाखवलेल्या स्नेहाबद्दल मनापासून आभार. खाली तुझं नाव, तेही छापलेलं. हाताने लिहिलेली एक रेघ नाही. पत्त्याची चिठ्ठीसुद्धा यंत्राने काढलेली.

हे मी पत्रं लिहिली म्हणून आलं, की तुझ्या जुन्या यादीत माझं नाव राहून गेलं आणि ते आपोआप आलं, हे मला कळत नाही. कार्ड उलटसुलट करून बघते आणि 'आपण दाखवलेल्या स्नेहाबद्दल' हे वाचते. ती मजकूर छापणाऱ्यांची नेहमीची ओळ आहे. सगळ्यांना तीच जाते.

तुला फोन करायचं धाडस झालं नाही. कारखान्यात केला. त्याच्या विभागाचे मुकादम बोलले, आवाजाने वयस्कर वाटले. मूत्रपिंडं गेली होती, म्हणाले, दोन वर्षांपासून. आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करायला इस्पितळात जायचे. सप्टेंबरपासून चुकवायला लागले. आम्ही ओरडलो, तर म्हणायचे, पुढच्या वेळी जातो. मग कामावरच पडले. तुला हे सगळं ठाऊक असेल. शेवटी इस्पितळाने तुलाच बोलावलं असेल. तू पोचलीस का वेळेत, हे विचारायचा हक्क मला नाही.

सप्टेंबरपासून. मी तेवीस तारखेला गेले होते. आधी चुकवलं की नंतर, ते मुकादमांना सांगता आलं नाही. मी दोनदा विचारलं.

ते चित्रं फार छान काढायचे, असं मी शेवटी म्हणाले. काहीतरी म्हणायचं म्हणून.

"चित्रं?" मुकादम म्हणाले. "आमचे सेगावा? नाही हो बाई. पाकिटावर तारीख टाकायची असली तरी दुसऱ्याला सांगायचे. तुम्ही दुसऱ्या कुणाबद्दल बोलत असाल."

मी म्हटलं, हो, तसं असेल.

घराचं काय करणार आहेस? आवराआवरीला माणूस लागलं तर मी येईन. तू घरात नसतानाही येईन. किल्ली शेजारी ठेवलीस तरी चालेल.

मिझुए


पूर्व दालन, ३१ डिसेंबर, दुपारी तीन

तोयोको,

हे मी टेबलावर बसून लिहिते आहे. गिऱ्हाईक नाही. गोंदोकाका यंदा आले नाहीत, त्यांच्या सुनेने फोन करून सांगितलं की पायऱ्या उतरवत नाहीत. शेजारचं टेबल रिकामं आहे, वर फक्त त्यांच्या नावाची चिठ्ठी.

सप्टेंबरच्या पत्रात मी पाचच्या बसपाशी थांबले होते. बस पाचला आली नाही. तो मला सोडायला थांब्यापर्यंत आला होता, नको म्हणत असतानाही. बाकावर बसला, कारण त्याला उभं राहवत नव्हतं. रस्त्यावर कुणी नव्हतं. मग त्याने विचारलं.

"ते वाक्य ताईचं ना?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो रस्त्याकडे बघत होता.

म्हणाला, "मी दुसरीत होतो, ती सहावीत. शाळेच्या नाटकात मला झाडाचं काम होतं. घरी येऊन विचारलं, कसं झालं. ती म्हणाली, रंगमंचावर तुझ्याइतकं चांगलं उभं कुणीच राहिलं नाही. सगळं घर हसलं. मीपण हसलो. ती अशीच बोलायची, वाईट मनाने नाही. मेळ्यात तिने पान उघडून दिलं, पहिली ओळ वाचली, आणि मला आमचं स्वयंपाकघर दिसलं." मग थोड्या वेळाने, "तुमच्या कुठल्याच लेखात असं वाक्य नसतं. राग मानू नका."

मी राग मानला नाही.

म्हणाला, "दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर चाललं असतं. लोक लिहितातच. पण ताई आपल्या घरी आरामात बसून माझं काम बघते आणि तिला हे वाटतं. ती खोटं बोलत नाही. तिला माहीतही नव्हतं माझं आहे म्हणून, म्हणजे अगदीच खरं. त्यानंतर हातात पेन्सिल घेतली की तीच ओळ ऐकू यायची. आईच्या वेळी ती आली होती. तीन दिवस होती, माझ्याकडे बघितलं नाही तिने. मला वाटलं, अजून तिला ते आठवतंय."

तोयोको, तू का बघितलं नाहीस ते मला ठाऊक आहे. त्याला ठाऊक नव्हतं. तुला वाटत होतं, त्याला कळलेलं नाही. तुम्ही दोघं त्या घरात, आईच्या फोटोसमोर, तीन दिवस एकमेकांना चुकवत हिंडलात, आणि दोघांच्या मध्ये मी होते, कावागुचीत, अडतिसावा अंक शिवत.

मी म्हणाले, "नाही. माझं आहे."

"तुमचं?"

"माझं. तोयोको तर म्हणाली होती, हे नको लिहूस, कुणीतरी मरमरून केलं असेल. मीच ऐकलं नाही."

हे मी आयुष्यात बोललेलं सगळ्यात सफाईदार खोटं. आधी थांबले नाही.

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "मग बरं झालं." आणि मग, "सहा वर्षं उगाच."

बस वळणावर दिसली तेव्हा तो बाकाला धरून उठला. म्हणाला, "नवीन वर्षाला ताईला फोन करीन. एकदम आत्ता केला तर घाबरेल ती." मी चढले. तो वाकून उभा होता, बस वळेपर्यंत.

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला का, की पाहुणी बाई इतक्या लांबून आली आहे म्हणून ठेवल्यासारखं केलं, मला ठाऊक नाही. तो माझ्या चार पानांबद्दल खोटं बोलला नव्हता, म्हणून वाटतं ठेवला असेल. पण मग इस्पितळ का चुकवलं, हे उरतंच. नवीन वर्ष उद्या आहे.

हे तुला कळवावं असं मला वाटतंय, आणि त्याच वेळी दिसतंय की कळवलं तर काय होईल. त्याला कळलं होतं, त्याने तुझा आवाज ओळखला होता, सहा वर्षं तो त्याच आवाजाबरोबर जगला, हे तुला कळेल. तो फोन करणार होता हेही कळेल. दुसरी गोष्ट पहिलीशिवाय सांगता येत नाही. मी दोन आठवडे प्रयत्न केला. सोळा वेळा लिहून बघितलं. एकातून एक सोडवता येत नाही.

म्हणून हे पत्र टपालात जाणार नाही. हे तुझ्यासाठी राखून ठेवलं असं मी म्हणू शकत नाही, कारण तू मागितलेलं नाहीस. तू आणखी किती वर्षं जगशील, आणि त्याला काही कळलं नव्हतं असं समजून जगशील. तेवढं राहू दे तुझ्याकडे. माझी बारा डिसेंबरची चिठ्ठी हे माझं शेवटचं पत्र, असं तुझ्या बाजूने असेल.

मागच्या भिंतीशी रद्दीचे पिंजरे लावले आहेत, न विकलेलं लोक तिथे टाकून जातात. अडतिसाव्या अंकाच्या उरलेल्या प्रती मी सकाळीच टाकल्या. दुपारी एक मुलगा तो अंक विचारत आला होता, संपला म्हणून सांगितलं. त्याने यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, काही हरकत नाही, वाक्य पाठ आहे.

पुढच्या उन्हाळ्याचा अर्ज मी भरलेला नाही.

चार वाजत आले. आता घोषणा होईल, मेळा संपला म्हणून, आणि दरवर्षीसारखे सगळे जागेवर उभे राहून टाळ्या वाजवतील. त्या आधी एवढं पिंजऱ्यात टाकून येते.

मिझुए